पुस्तके आणि नियतकालिकांच्या मांडणीचे उच्च शिक्षण: प्रवेशाचे मार्ग, पात्रता आणि कागदपत्रे

पुस्तके, मासिके, वार्षिक अहवाल यांची मांडणी करणे हाच व्यवसाय ठरवलेल्या विद्यार्थ्याला 'प्रकाशन संकल्पन' या नावाची पदवी बहुतेक माहितीपुस्तिकांत आढळत नाही. हा विषय राज्यातील कला महाविद्यालयांत उपयोजित कला या पदवीत, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, ग्राफिक डिझाइनमध्ये आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसी विभागात कम्युनिकेशन डिझाइनमध्ये शिकवला जातो. या तिन्ही ठिकाणच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या असल्यामुळे आधी मार्ग ठरवावा आणि मग कागदपत्रांच्या मागे लागावे.

राज्यातील मार्ग उपयोजित कलेच्या चार वर्षांच्या बीएफए, म्हणजे ललित कला पदवीचा आहे. त्यासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची एएसी सीईटी द्यावी लागते. त्यात संकल्पचित्र, वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान असे चार भाग असतात. बारावी कोणत्याही शाखेतून, परंतु इंग्रजी विषयासह, किमान 45 टक्के गुणांनी, तर राज्यातील राखीव प्रवर्गासाठी 40 टक्के गुणांनी उत्तीर्ण असावी लागते. मुंबईच्या सर जे. जे. कला, वास्तुकला व डिझाइन संस्थेला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालेला असल्याने, 'जेजे'तच जायचे असेल तर तिची त्या वर्षीची प्रवेश सूचना स्वतंत्रपणे वाचावी.

आयआयटीतील बी. डेस., म्हणजे बारावीनंतरच्या डिझाइन पदवीसाठी यूसीड ही परीक्षा आहे. तिची नोंदणी साधारणपणे ऑक्टोबरमध्ये, म्हणजे बारावीच्या परीक्षेच्या कितीतरी आधी, सुरू होते आणि परीक्षा जानेवारीत होते. त्याच वर्षी किंवा आदल्या वर्षी बारावी झालेल्यांनाच ती देता येते आणि संधी लागोपाठच्या वर्षांत दोनदाच मिळते. त्यामुळे 'एक वर्ष तयारी करून मग पाहू' असा विचार येथे महागात पडू शकतो. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. एनआयडीची परीक्षा पूर्व आणि मुख्य अशा दोन टप्प्यांत होते. बी. डेस.ला तेथे वयोमर्यादा आहे आणि ग्राफिक डिझाइन हवे असल्यास अर्जात अहमदाबादचा परिसर निवडणे गरजेचे आहे, कारण इतर शहरांतील एनआयडींत कम्युनिकेशन डिझाइन असते.

पदवीनंतर या विषयाकडे वळणाऱ्यांसाठी, म्हणजे आयआयटीतील एम. डेस. या पदव्युत्तर पदवीसाठी, सीड ही परीक्षा आहे. बारावीनंतरची किमान तीन वर्षांची पदवी किंवा पदविका असलेला, अथवा शेवटच्या वर्षात असलेला उमेदवार तिला बसू शकतो आणि वयाची अट नाही. महाराष्ट्रात अनेकांकडे असलेली जी. डी. आर्ट ही पदविकाही पात्रतेत स्पष्टपणे नमूद असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सीडनंतर आयडीसीची स्वतःची चाचणी आणि मुलाखत होते.

सर्वांनाच दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र, छायाचित्र आणि स्वाक्षरी लागते. राज्याच्या प्रवेशासाठी अधिवास प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला, तर राखीव प्रवर्गातील उमेदवारांना जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रही लागते. खरा घोळ होतो तो आयआयटी आणि एनआयडीच्या अर्जात. तेथे ओबीसी प्रमाणपत्र केंद्र शासनाच्या नमुन्यातच आणि सूचनेत दिलेल्या तारखेनंतर काढलेले असावे लागते. राज्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्र खरे असूनही चालत नाही. शिवाय विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग हे राज्याचे प्रवर्ग केंद्रीय प्रवेशात त्या नावाने नसतात. आपली जात केंद्राच्या कोणत्या यादीत आहे ते पाहून त्याप्रमाणे प्रमाणपत्र काढावे लागते. सेतू केंद्रात अर्ज करतानाच 'केंद्राच्या नमुन्यात हवे' असे स्पष्ट सांगावे. नावाचेही पाहावे: बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधार कार्डावर शेवटी असते, म्हणून अर्जात नाव कोणत्या क्रमाने मागितले आहे हे वाचूनच भरावे.

मुलाखतीला जायचे असेल, तर आपल्या कामाचा संग्रह त्या दृष्टीने आधीपासून जमवावा. त्यात नुसती मुखपृष्ठे ठेवण्याचा मोह आवरावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दिवाळी अंकातील समोरासमोरची दोन पाने घेऊन, देवनागरी मजकूर दोन स्तंभांत लावून दाखवावा. वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो का, स्तंभ अरुंद झाला की शब्दांमध्ये पोकळ्या पडतात का आणि सोळा पानांच्या फर्म्यात (एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या संचात) चित्रांची पाने कोठे येतात, या प्रश्नांची उत्तरे केलेल्या कामातून दिसायला हवीत. प्रत्येक कामासोबत कच्ची रेखाटनेही लावावीत आणि गटात केलेल्या कामात स्वतःचा वाटा कोणता, हे एका ओळीत लिहावे.