अँटीथायरॉईड गोळ्या घेताना घ्यायची काळजी

आपल्याकडे सरसकट "मला थायरॉईड आहे" म्हणतात, पण त्यात दोन उलटे आजार येतात, आणि अँटीथायरॉईड गोळ्या फक्त ग्रंथी जास्त काम करते त्या हायपरथायरॉईडसाठी असतात. भारतात जास्त चालते ती कार्बिमाझोल, निओ-मर्काझोल नावाने मिळणारी. ग्रेव्ह्ज आजारात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीला जास्त काम करायला लावते त्या आजारात, ती साधारण 12 ते 18 महिने घ्यावी लागते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ताप आणि घसा. ह्या गोळीने क्वचित, हजारात एक ते पाच जणांत, रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एकदम कोसळतात, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत. आता होतं काय, जुलैचा पाऊस, घरात सगळ्यांनाच सर्दी-ताप, घसा दुखला की आपण व्हायरल म्हणून पॅरासिटामॉल घेतो, हळद-मिठाच्या गुळण्या करतो, गोळीने ताप उतरतो आणि दोन दिवस तसेच जातात, ते दोन दिवसच जिवावर बेतू शकतात. म्हणून ताप, घसादुखी किंवा तोंडात फोड आले की कार्बिमाझोलची पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, करायची, त्यात न्यूट्रोफिल ह्या पांढऱ्या पेशी बघायच्या, 500 च्या खाली गेल्या तर सरळ अ‍ॅडमिट. मागच्या आठवड्याचा रिपोर्ट नॉर्मल होता ह्यावर अजिबात विसंबू नका, पेशी अचानक पडतात. फॅमिली डॉक्टरला "कार्बिमाझोल चालू आहे" हे आपणहून सांगायचं, नुसतं थायरॉईडची गोळी म्हटलं तर ते थायरॉक्सिनच, म्हणजे ग्रंथी कमी काम करते त्या उलट्या आजाराची गोळी, समजतील. पेशी अशा एकदा कोसळल्या की ही गोळी परत कधीच नाही, प्रोपिलथायोयुरासिल ही दुसरी अँटीथायरॉईड गोळीही नाही.

डोळे पिवळे, लघवी गडद, पोटात जोरात दुखणं, ह्यातलं काही झालं तरी गोळी थांबवून लगेच दाखवायचं. प्रोपिलथायोयुरासिलने लिव्हर फार बिघडू शकतं, अमेरिकेत 2010 पासून तिच्यावर तशी ठळक सूचना असते. नुसती खाज किंवा पुरळ बऱ्याच जणांना येतं, ते डॉक्टरांना सांगावं, पण बरं वाटतंय म्हणून मनाने गोळी बंद करू नये, आजार उसळतो.

दिवस राहायचा विचार असेल तर आधीच बोलावं, कारण पहिल्या तीन महिन्यांत कार्बिमाझोलने बाळात दोष येऊ शकतात, तेव्हा सहसा प्रोपिलथायोयुरासिल देतात. पाळी चुकली की लगेच टेस्ट करून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.