जात्यावर बसलं की ओवी का सुचते?

मेथीची जुडी निवडायला घेतली की मला वाक्यं सुचतात. टेबलाशी तासभर बसूनही जो परिच्छेद हलत नाही, तो तिसऱ्या-चौथ्या काडीला आपणहून सरकतो. तेव्हा नेमके हात मातीचे असतात आणि वही दुसऱ्या खोलीत. तिथवर जाईपर्यंत निम्मं वाक्य विरलेलं असतं. माझ्या आजीला यात काही नवल वाटलं नसतं. ‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ असं ती येताजाता म्हणायची, आणि तिने पहाटे उठून खरंच दळलेलं होतं.

कामाला हात घातला की मार्ग सापडतो, असा या म्हणीचा अर्थ आपण घेतो. तो बरोबरच आहे. पण इथे म्हण शब्दशः घेऊन पाहू. जातं ओढताना डोक्यात असं काय होतं, की ओवी तिथेच सुचावी?

ओव्या सुचत होत्या याचा पुरावा तर भरपूर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी 1980 च्या दशकापासून सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या 1 लाखाच्या वर गेली. गाणाऱ्यांपैकी कितीतरी जणींनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. लिहायला निवांत जागा नाही, वेळ नाही, अक्षरओळख नाही, आणि तरी एवढं साहित्य. दळण म्हणजे अंगमेहनत खरी, पण त्यात विचार लागत नाही. एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्याने मूठमूठ दाणे वैरायचे, की पुन्हा तेच. हात गुंतलेले आणि डोकं मोकळं.

हे ‘मोकळं डोकं’ म्हणजे रिकामं डोकं नव्हे. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण 2 टक्के, पण आपण स्वस्थ पडलेलो असतानाही शरीराच्या ऊर्जेतला 20 टक्क्यांच्या आसपासचा वाटा तो घेतो. अवघड गणित सोडवायला बसलं म्हणून हा खर्च फारसा वाढत नाही, जेमतेम 5 टक्क्यांच्या आत. मग एरवी तो करतो तरी काय? मेंदूची चित्रं घेणाऱ्या संशोधकांच्या लक्षात आलं की माणसाला काम दिलं की मेंदूतले काही भाग उलट शांत होतात आणि काम संपलं की पुन्हा जागे होतात. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये या स्थितीला ‘डिफॉल्ट मोड’ असं नाव दिलं. त्या भागांचं जाळं ते डिफॉल्ट मोड नेटवर्क.

हे जाळं कशात रमतं? स्वतःच्या जुन्या आठवणी, उद्याचे बेत, आणि ‘ती मला असं का बोलली असेल’ यासारखे दुसऱ्याच्या मनात डोकावणारे विचार. आता ओव्यांचे विषय आठवा. माहेरची वाट, भाऊ, सासूचा बोल, लेकीचं लग्न, पंढरीचा विठ्ठल. यादी जवळपास तीच आहे.

पण नुसतं मन भरकटलं की कविता होते, असं कोणी सांगू लागलं तर सावध व्हावं. 2018 मध्ये रॉजर बीटी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांना जास्त नव्या, वेगळ्या कल्पना सुचतात, त्यांच्या मेंदूत हे भटकं जाळं आणि लक्ष आवरून धरणारं जाळं यांचा संबंध अधिक घट्ट असतो. एरवी यातलं एक जागं असलं की दुसरं बहुधा मागे सरतं. दोन हातांनी दोन कामं करणाऱ्या दळणारणीला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

प्रत्यक्ष लेखकांना विचारलं तर? 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत व्यावसायिक लेखक आणि भौतिकशास्त्रज्ञ सहभागी झाले होते. एकात 98 जण, दुसऱ्यात 87. दिवसातली सर्वांत चांगली कल्पना कोणती आणि ती सुचली तेव्हा तुम्ही काय करत होता, एवढं त्यांनी रोज नोंदवायचं. सुमारे एक पंचमांश कल्पना काम बाजूला असताना, मनात भलताच विषय चालू असताना आलेल्या निघाल्या. त्या जास्त चांगल्या होत्या का? नाही. दर्जाला सारख्याच. पण अडलेली गाठ सोडवणाऱ्या आणि ‘अरेच्चा!’ म्हणायला लावणाऱ्या कल्पना त्यांत जास्त होत्या. मला या अभ्यासात भावतो तो उरलेला चार पंचमांश भाग. त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, कारण ‘टेबलाशी बसलो होतो, सुचलं’ यात सांगण्यासारखी गोष्ट नसते.

कॅलिफोर्नियात 2012 मध्ये झालेला एक प्रयोग तर म्हणीसाठीच केल्यासारखा वाटतो. लोकांना आधी विटेसारख्या साध्या वस्तूचे जमतील तेवढे वेगवेगळे उपयोग सुचवायला सांगितलं. मग काहींना डोकं लागेल असं काम दिलं, काहींना अगदी सोपं, काहींना नुसती विश्रांती, तर काहींना मधली सुट्टीच नाही. पुन्हा तेच कोडं दिल्यावर सोपं काम करणारे सर्वांच्या पुढे गेले, नुसते बसून राहिलेल्यांच्याही. नवं कोडं दिलं तेव्हा मात्र त्यांना काही फायदा झाला नाही. म्हणजे दाणे आधी जात्यात पडलेले हवेत, नाहीतर दगडावर दगड फिरतो. अर्थात हा निष्कर्ष कोरून ठेवण्याइतका पक्का नाही. पुढे इतरांनी असेच प्रयोग केले, तेव्हा मन भरकटण्याचा तसा फायदा दिसला नाही.

चालण्याचा पुरावा त्यापेक्षा भक्कम आहे. स्टॅनफर्डच्या मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी 2014 मध्ये चार प्रयोगांतून दाखवलं की बसलेल्यापेक्षा चालणाऱ्या माणसाला सरासरी 60 टक्के जास्त कल्पना सुचतात. गंमत अशी की कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही सुचल्या. डोंगर, पाऊस, मोर यांचा त्यात हात नव्हता. मात्र ज्या कोड्याला एकच नेमकं उत्तर असतं, त्यात चालणारे किंचित मागे पडले. त्यामुळे पहिला खर्डा चालताना जुळवावा, आणि नेमका शब्द शोधायला खुर्चीत येऊन बसावं.

आता दाण्यांकडे वळू, म्हणजे डोक्यात आधी जे पडलेलं असावं लागतं त्याकडे. पाकीट न उघडता सांगा, नव्या 20 च्या नोटेमागे कोणतं चित्र आहे? वेरूळच्या लेण्यांचं. 2019 पासून हिरवट पिवळ्या रंगाची ही नोट आपण भाजीवाल्याच्या हातावर ठेवतोय, आणि लेणी आपल्याच महाराष्ट्रातली. तरीही मी विचारलेल्या बहुतेकांनी आधी छताकडे पाहिलं. अमेरिकेत 1979 मध्ये निकरसन आणि अ‍ॅडम्स यांनी असाच प्रयोग एका सेंटच्या नाण्यावर केला होता. जन्मभर हाताळलेलं नाणं लोकांना धड काढताही आलं नाही आणि खोट्या चित्रांतून खरं नीट ओळखताही आलं नाही. नाणं चालवायला त्यावरचे बारकावे लागत नाहीत, म्हणून मेंदू ते साठवत नाही. काटकसर चांगली, पण लिहिणाऱ्याला नेमकी हीच नडते. ओव्या रचणाऱ्या बायका रोजच्याच वस्तूंकडे अशा बघत होत्या की त्यांना साक्षात जात्यातच देव दिसला आणि त्याच्यापाशी मन मोकळं करता आलं.

मन मोकळं केल्याने काय होतं, हेही तपासलं गेलं आहे. टेक्सासमध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं लिहायला लावलं. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या प्रसंगावर. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहिल्यावर लगेच वाईटच वाटलं. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतर असे शेकडो अभ्यास झाले. त्यांतल्या 146 अभ्यासांचा एकत्रित हिशेब 2006 मध्ये मांडला गेला, तेव्हा परिणाम खरा पण लहान निघाला. ‘रोज लिहा, आयुष्य बदला’ असं विकणाऱ्यांनी यातला ‘लहान’ हा शब्द हमखास गाळलेला असतो.

फायदा कोणाला जास्त होतो, हे पेनेबेकर यांनी लिखाणातले शब्द मोजून पाहिलं. चार दिवसांत ज्यांच्या लेखनात ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता कळतंय’ अशा धाटणीचे शब्द वाढत गेले, त्यांची तब्येत जास्त सुधारलेली दिसली. तीच तक्रार रोज त्याच शब्दांत उगाळणाऱ्यांना फारसं काही मिळालं नाही. माझी कॉलेजातली डायरी या कसोटीवर साफ नापास होते. तिच्यात ‘म्हणून’ औषधालाही नाही.

सुचणं आणि टिपणं यांत मात्र फार गळती होते. बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता येत नव्हतं. घरात-शेतात राबताना त्यांना जे सुचे, त्यातलं काही मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवलं. बहिणाबाई गेल्यावर ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि 1952 मध्ये कविता छापून आल्या. बाकी किती जणींचं घरात लिहिणारं कोणी नव्हतं म्हणून गेलं असेल! पुढे गावोगाव पिठाची गिरणी आली. मनगटं सुटली हे फार चांगलं झालं. पण पहाटेचा तो तासही गेला, आणि आता भांडी घासण्याच्या वेळात आपण कानात कुणाचं तरी बोलणं घालून बसतो.

मी हल्ली वही फ्रिजवर ठेवते. पेन सुतळीने बांधलंय, नाहीतर किराण्याची यादी करायला कोणीतरी पळवतं. परवा पाहिलं तर एका पानावर वर लेखाची सुरुवात होती, मधे मेथीचा हिरवा डाग, आणि खाली दुसऱ्याच अक्षरात ‘तूरडाळ 1 किलो’.