मृत्यूची नोंद : घरच्यांसाठी माहिती

अंत्यविधीच्या साहित्यासोबत हे पत्रक आम्ही प्रत्येक घराला देतो. आज वाचायचं बळ नसेल तर घडी घालून ठेवा, पण दशक्रियेच्या आधी घरातल्या कुणीतरी एकाने वाचावं.

नोंद मृत्यूपासून 21 दिवसांत करायची असते. ‘तेरावं उरकलं की बघू’ म्हणता म्हणता हातात आठवडाच उरतो.

मृत्यू जिथे झाला, तिथेच नोंद होते. राहण्याचा पत्ता कुठलाही असो. सिन्नरचे आजोबा नाशिकच्या दवाखान्यात वारले, तर नोंद नाशिक महापालिकेकडे होणार. गावी घरीच गेले असतील, तर ग्रामपंचायतीकडे.

दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर माहिती दवाखानाच कळवतो. तरी तिथून निघण्यापूर्वी एक काम कराच: मृताचं आधार कार्ड समोर धरून कागदावरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. आधारवर ‘सुमन’ आणि दाखल्यावर ‘सुमनबाई’ एवढ्याशा फरकावरही बँक, विमा किंवा पेन्शनचं काम अडू शकतं. वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय, पत्ता हेही बघा. दुःखात हे सुचत नाही, म्हणून शेजारच्या किंवा नात्यातल्या शांत माणसावर हे काम सोपवा.

घरी मृत्यू झाला असेल तर कळवण्याची जबाबदारी घरप्रमुखाची. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्या. कायद्याप्रमाणे त्याचे पैसे लागत नाहीत. स्मशानातली पावती जपून ठेवा. ती, डॉक्टरांचा दाखला, मृताचं आणि माहिती देणाऱ्याचं आधार कार्ड, असे कागद सोबत न्या. अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदनाचे कागदही लागतात.

21 दिवस उलटले तरी 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. त्यानंतर वर्षापर्यंत जिल्हा निबंधक किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो, आणि तोवर सातबाऱ्यावरची वारस नोंदही खोळंबते.

नोंद झाल्यावर सात दिवसांत पहिला दाखला मोफत मिळायला हवा. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीने तशी मुदत घातली आहे. जादा प्रती त्याच वेळी मागून घ्या. बँक, विमा, पेन्शन, तलाठी, सगळीकडे दाखला मागतात.

फॉर्म भरताना अडलात तर कागद घेऊन दुकानात या. भरून देतो, त्याचे पैसे घेत नाही.