खानदेशात कारबाजार टाकायचाय? आधी हे कागद करून घ्या

जागा भाड्याने घेतली, चार जुन्या गाड्या उभ्या केल्या, बोर्ड लावला की कारबाजार सुरू, असा हिशेब आता चालत नाही. १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या, म्हणजे आधीच नोंदणी झालेल्या गाड्यांच्या डीलरसाठी वेगळी तरतूद लागू आहे. त्यानुसार खरेदी-विक्री करणाऱ्याने आरटीओकडून प्राधिकारपत्र घ्यायचं. दुकान ज्या कार्यालयाच्या हद्दीत, अर्ज त्याच कार्यालयाकडे: धुळे एमएच १८, जळगाव एमएच १९, नंदुरबार एमएच ३९. अर्जाचा नमुना २९-ए, तो परिवहन पोर्टलवर भरायचा. मंजूर झाल्यावर २९-बी नमुन्यात प्राधिकारपत्र मिळतं आणि ते पाच वर्षं चालतं. फी पोर्टलवरच दिसते.

या नियमाचा खरा उपयोग प्राधिकारपत्र भिंतीवर लावण्यात नाही, टीटी फॉर्मच्या, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मच्या भानगडीतून सुटण्यात आहे. आपल्याकडची जुनी पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. मालकाकडून कोऱ्या टीटीवर, म्हणजे नमुना २९ आणि ३० वर सह्या घ्यायच्या, पैसे मोजायचे, फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवायचा आणि गिऱ्हाईक मिळालं की थेट त्याच्या नावावर करायचं. मधले चार-सहा महिने गाडी फिरते कुणाकडे, आणि कागदावर मालक भलताच. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीवर ज्याचं नाव तोच मालक, मग गाडी मध्ये कितीही हातांतून गेलेली असो. त्यामुळे विकणारा आता कोऱ्या टीटीवर सही करायला कचरतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

प्राधिकृत डीलरला यातून वाट आहे. गाडी ताब्यात घेतली की नमुना २९-सी पोर्टलवर भरायचा. पोचक्रमांक निघाला की त्या तारखेपासून डीलर मानीव मालक होतो, म्हणजे कायदा त्यालाच मालक समजतो, जबाबदारीही त्याचीच. आरसीचं नूतनीकरण, फिटनेस, आरसीची दुय्यम प्रत, एनओसी, नाव बदलणं यांचे अर्ज तो स्वतः करू शकतो. पैसे दिल्याच्याच दिवशी २९-सी भरा, उद्यावर टाकू नका. मात्र ती गाडी रस्त्यावर काढायची मुभा ट्रायल, गिऱ्हाइकाला दाखवणं, दुरुस्ती, रंगकाम, तपासणी एवढ्यापुरतीच, आणि प्रत्येक फेरीची नोंद इलेक्ट्रॉनिक रजिस्टरमध्ये हवी. घरच्या मंडळींना घेऊन सारंगखेड्याच्या यात्रेला जायला ती गाडी नाही!

दुकानाचे कागद त्यामानाने सोपे. पॅन, आधार, जागेचा भाडेकरार किंवा उतारा, वीजबिल, फोटो, धंद्याच्या नावाने चालू खातं. भागीदारी असेल तर भागीदारीपत्र. शॉप ॲक्टखाली वीसपेक्षा कमी कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, वीस किंवा जास्त असतील तर नोंदणी; २०१७ च्या कायद्यातली दहाची मर्यादा २०२५ मध्ये वाढली. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी पोर्टलवरची नोंद, फुकट आहे, एजंटाला त्याचे पैसे देऊ नका. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. महामार्गालगतच्या शेतात गाड्या लावायच्या असतील तर अकृषिक वापराचं काय करावं लागेल ते तहसील कार्यालयात आधी विचारा.

जीएसटीत बरेच जण गोंधळतात. जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत डीलरने विकलेल्या सगळ्या जुन्या गाड्यांवर १८ टक्के दर आहे, पण तो पूर्ण किमतीवर नाही, नफ्यावर. साडेतीन लाखांना घेतलेली गाडी चार लाखांना विकली तर कर ५०,००० वर, म्हणजे ९,००० रुपये. तोट्यात गेली तर कर नाही. त्या गाडीवर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवेळी भरलेल्या जीएसटीची वजावट, मात्र घेतलेलं नसावं. डेंटिंग-पेंटिंगचा खर्च या फरकातून वजा होत नाही, म्हणून भाव ठरवताना तो वेगळा धरा. एका सौद्यात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका. कापसाचे पैसे हातात आले की गिऱ्हाईक नोटाच पुढे करतं, तरी बँकेतूनच घ्या.

गाडी घेताना आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते पाहा. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा नमुना ३५ घेतल्याशिवाय पुढे सरकू नका. थकीत ई-चलन, कर, विमा आणि पीयूसी तपासा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरप्लेट नसेल तर आरटीओत नाव बदलण्याचं काम अडतं.

आपण सीमेवरचे लोक, त्यामुळे सुरतेची किंवा बऱ्हाणपूरची गाडी नवापूर-रावेरच्या बाजाराकडे येणारच. अशा गाडीला तिच्या मूळ आरटीओची नमुना २८ मधली एनओसी लागते, इथे नव्याने पासिंग, म्हणजे नोंदणी होते आणि महाराष्ट्राचा रस्ता कर गाडीच्या वयाप्रमाणे भरावा लागतो. तिथला उरलेला कर परत मागता येतो, पण तो मूळ राज्याकडे अर्ज करून. म्हणून सौद्याच्या वेळी आपल्याकडचा कर किंमतीत मिळवा आणि एनओसी हातात येईपर्यंत काही रक्कम राखून ठेवा.