पाण्याकाठच्या होलवर डिस्क का हरवते : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

डिस्क गोल्फ या खेळात प्लास्टिकची चकती, म्हणजे डिस्क, कमीत कमी थ्रोमध्ये (फेकींमध्ये) लांबच्या टोपलीत पोहोचवायची असते. आमच्या धरमपेठेतील दुकानातून डिस्क नेणारे बरेच ग्राहक नागपुरातल्या मोकळ्या मैदानांवर सराव करतात आणि शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या निमित्ताने परदेशी गेले की तिथल्या कोर्सवर खेळतात. तिथे तळ्याकाठच्या एखाद्या होलवर, म्हणजे एका टोपलीपर्यंतच्या टप्प्यावर, दोन-तीन चांगल्या डिस्क गमावल्या की सुट्टीत परत आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असतो, “पाण्यावर तरंगणारी डिस्क आहे का?” अशी डिस्क आमच्याकडे मिळते, मात्र ती घेण्यापूर्वी पुढील मजकूर वाचावा, अशी विनंती आहे.

डिस्क गोल्फच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे पीडीजीएच्या नियमानुसार डिस्कचा व्यास किमान 21 सेंटीमीटर असावा लागतो आणि तिचे वजन व्यासाच्या प्रत्येक सेंटीमीटरमागे 8.3 ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. त्यामुळे बहुतेक ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीच्या वेगवान डिस्क, 175 ग्रॅमच्या आसपास येऊन थांबतात. टिकाऊ डिस्कचे प्लास्टिक पाण्यापेक्षा जड असते, म्हणून ती बुडते. तरंगणारी डिस्क हलक्या प्लास्टिकची तरी असते किंवा तिच्या प्लास्टिकमध्ये हवेचे बारीक बुडबुडे सोडलेले असतात. इनोव्हा कंपनीची ड्रॅगन ही तरंगणाऱ्या डिस्कपैकी एक होय. या डिस्क सहसा वजनाने हलक्या असल्यामुळे वारा त्यांना सहज भरकटवतो, आणि तळ्यावर तर वाऱ्याला अडवणारे काहीच नसते. म्हणजे बुडू नये म्हणून घेतलेली डिस्क पाण्यात पडण्याची शक्यताच थोडी वाढते, हे व्यवहार म्हणून सांगणे आम्हाला भाग आहे.

डिस्क तरंगल्याने गुणही वाचत नाहीत. पाण्यातील डिस्क नुसती तरंगू लागली, किंवा केवळ पाण्याच्या अथवा पाण्यावरच्या वाऱ्याच्या जोराने सरकू लागली, की नियमाप्रमाणे ती ‘थांबली’ असे धरले जाते. ती नंतर वाहत काठाला लागली तरी निर्णय बदलत नाही. पाणी ‘ओबी’ म्हणजे हद्दीबाहेर ठरवलेले असल्यास एका थ्रोचा दंड बसतो, आणि पुढचा थ्रो सामान्यतः आधीच्या जागेवरून किंवा डिस्क शेवटी जिथे हद्दीत होती तिथून, एक मीटरपर्यंतची सवलत घेऊन करता येतो. आयोजकांनी ‘ड्रॉप झोन’, म्हणजे पुढच्या थ्रोसाठी ठरवून दिलेली जागा, आखला असेल तर गोष्ट वेगळी. पाण्याच्या काठाला डिस्क जराशी जरी टेकलेली असली तरी ती हद्दीतच समजली जाते, कारण ओबी ठरण्यासाठी ती चारही बाजूंनी पाण्याने वेढलेली असावी लागते.

डिस्क पाण्यात जाण्याचे खरे कारण थ्रोमध्येच सापडते. समोर पाणी दिसले की हात नकळत जास्त जोर लावतो, डिस्कचे तोंड वर उचलले जाते, ती उंच चढते, वेग गमावते आणि अपेक्षेच्या बरीच अलीकडे खाली येते. उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्याची डिस्क शेवटी डावीकडे वळते. म्हणून तळे डावीकडे असेल तर धोका दुहेरी असतो, आणि अशा होलवर फोरहँड येत असल्यास तोच वापरणे शहाणपणाचे, कारण तो शेवटी उजवीकडे, म्हणजे पाण्यापासून दूर वळतो. वाऱ्याचा हिशेबही वेगळा ठेवावा लागतो. समोरून येणारा वारा डिस्कला वर उचलून तिचा सुरुवातीचा वळसा वाढवतो, तर पाठीमागचा वारा तिला लवकर खाली बसवतो. टीभोवती, म्हणजे होलचा पहिला थ्रो करायच्या जागेभोवती, झाडी असेल तर खेळाडूला वारा जाणवतही नाही, परंतु पाण्यावर गेलेल्या डिस्कला तो पुरेपूर जाणवतो. म्हणून टीवर चिमूटभर गवत उडवून समाधान मानू नये. तळ्यावरील लाटांची दिशा पाहावी.

अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यात रॉक हिल येथे, विन्थ्रॉप विद्यापीठाच्या परिसरातील तळ्याकाठच्या कोर्सवर 1999 पासून अमेरिकेची मोठी स्पर्धा होत आली आहे. तिथे नावाजलेले खेळाडूही किती पाणी ओलांडायचे याचा विचार करूनच डिस्क निवडतात. अंतर पल्ल्याच्या अगदी टोकाला असेल तर वेगवान ड्रायव्हर ठेवून द्यावा आणि मिडरेंजने, म्हणजे मध्यम पल्ल्याच्या डिस्कने, कोरड्या जागी थांबावे. त्यात एक थ्रो जास्त जातो; पाण्यात गेल्यास दंड बसतो, आणि डिस्क गेली ती गेलीच.

एवढे करूनही डिस्क पाण्यात पडलीच, तर तिच्यावरून नजर न काढता पलीकडच्या काठावरची खूण धरून ठेवावी आणि सोबत्याला दुसऱ्या कोनातून तसेच करायला सांगावे. दोन्ही रेषा मिळतात तिथे ती पडलेली असते. मात्र विहिरीत सोडलेली थाळी डुलत बाजूला सरकते तशी डिस्कही पाण्यात तिरपी घसरत जाते, त्यामुळे शोध त्या जागेपुरता न ठेवता भोवतीही घ्यावा. दोरी बांधलेला आकडा काठावरून टाकून सावकाश ओढावा. नियमाने शोधाला तीन मिनिटेच मिळतात. मात्र डिस्क ओबी पाण्यात गेल्याचा स्पष्ट पुरावा असल्यास ती हरवलेली नव्हे, ओबीच धरतात.

नागपूरच्या ग्राहकांना एक विनंती वेगळी आहे. फुटाळ्याच्या काठावर संध्याकाळी गर्दी असते, तिथे डिस्क फेकू नये. अंबाझरी असो वा आणखी कोणता तलाव, डिस्कसाठी पाण्यात उतरू नये. तळाचा गाळ पाय धरून ठेवतो आणि खोलीचा अंदाज वरून येत नाही. मासेमारीची जाळी लावलेली असतील तिथे आकडाही टाकू नये. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठाच्या डिस्क उघड्या पडतात, तेव्हा त्या मिळू शकतात, अर्थात वर नाव असेल तर.

त्यासाठी डिस्क विकत घेतानाच तिच्या आतल्या कडेवर नाव आणि फोन क्रमांक पक्क्या शाईने आम्ही विनामूल्य लिहून देतो. हाताच्या घामाने शाई फिकट झाली तर पुन्हा लिहून देऊ. रंग निवडताना हिरवा, निळा व गडद लाल टाळावा, गढूळ पाण्यात ते दिसत नाहीत. पिवळा, पांढरा किंवा संत्री घ्यावा, आणि संत्र्याच्या गावात तो शेवटचा रंग आम्ही नेहमीच ठेवतो. कोणाला दुसऱ्याची डिस्क सापडल्यास ती आमच्या काउंटरवर आणून द्यावी, आम्ही मालकाला फोन करून कळवू.