जखमी शिपायाचं नाव शेवटी सापडतं

साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला सगळे 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जण कामी आले आणि इंग्रज सरकारनं त्यांच्या स्मरणार्थ तिथे दगड बसवला. असे फलक घाटावर आणि कोकणात इतर गावांतही दिसतात. मजकूर बहुतेक ठिकाणी सारखाच: या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस, आकडे दोनच. गोळी खाऊन परत आला, त्याचा आकडा कुठेच नाही.

घराघरात आठवण मात्र त्याचीच असते. 'पणजोबा इराकात, बसऱ्याला होते, पायात गोळी लागली होती', एवढ्यावर कुणीतरी शोध सुरू करतं आणि पहिल्याच पायरीवर अडखळतं. कारण आपण नावापासून सुरुवात करतो, आणि सैन्याच्या कागदात साध्या शिपायाचं नाव सगळ्यात शेवटी येतं.

मेलेल्यांचंही फार वेगळं नव्हतं. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर चाळीस हजारांहून जास्त सैनिकांची स्मृती जपली आहे. पण त्या फलकांवर हिंदी, म्हणजे भारतीय, साध्या शिपायांचा पलटणीगणिक फक्त आकडा कोरला गेला. अशा असमान वागणुकीची जाहीर कबुली युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं दिली ती थेट 2021 साली. तरी मेलेल्यासाठी निदान कमिशनची नोंदवही आहे आणि ती ऑनलाइन चाळता येते. नशीब असेल तर शिपायाच्या नावापुढे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं सगळं सापडतं. जखमी होऊन जगलेला माणूस कमिशनच्या कक्षेतच येत नाही.

मग तो असतो कुठे? पलटणीच्या युद्ध-रोजनिशीत, म्हणजे आघाडीवर रोज लिहिल्या जाणाऱ्या नोंदवहीत. पण तिथे गोऱ्या अधिकाऱ्याला खरचटलं तरी त्याचं नाव लिहिलेलं असतं, आणि पुढे 'आय.ओ.आर. जखमी' एवढं म्हणून एक संख्या. आय.ओ.आर. म्हणजे इंडियन अदर रँक्स, बाकीचे हिंदी लोक. आपले पणजोबा त्या संख्येत बसलेले असतात.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तर हा माग मुळातच तुटला. 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होत्या. नोव्हेंबर 1915 मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला लढाई झाली, चार हजारांहून जास्त लोक मेले-जखमी झाले आणि वैद्यकीय व्यवस्था कोलमडली. जखमींना बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून नदीकाठी आणलं, तिथून बोटींनी बसऱ्याला. 'मेजिदिये' नावाची बोट बसऱ्याला लागली तेव्हा मेजर कार्टर नावाचा डॉक्टर धक्क्यावर होता. बोटीच्या कडेनं दोर लोंबताहेत असं त्याला लांबून वाटलं. जवळ आल्यावर कळलं की ती विष्ठा आहे, कारण जखमी इतके दाटीवाटीनं पडले होते की कुणाला हलताच येत नव्हतं. काहींच्या मोडलेल्या हाडांना व्हिस्कीच्या खोक्यांच्या फळ्या बांधल्या होत्या. कार्टरनं हे वर कळवलं तर त्यालाच लुडबुड्या ठरवून दमदाटी झाली. पुढे 1917 मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि ब्रिटिश मंत्रिमंडळातले भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. नियमाप्रमाणे प्रत्येक जखमीच्या अंगावर नाव, नंबर, पलटण आणि जखम लिहिलेलं कार्ड बांधायचं असतं. त्या बोटीवर ते कोण लिहीत बसणार?

बसऱ्याहून इस्पितळ-जहाजं मुंबईला येत. ताजमहाल हॉटेलात तेव्हा 600 खाटांचं इस्पितळ होतं. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या कोऱ्या इमारतीतही लष्करी इस्पितळ भरलं होतं. आज आपण तिथे तिकीट काढून मूर्ती बघतो.

फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्याचा माग त्या मानानं सोपा. तिकडच्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉर उघडून वाचत असे आणि निवडक पत्रांचं भाषांतर अहवालात घालत असे. ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पाळत ठेवण्यासाठी केलेली ती नक्कल आज नातवंडांच्या कामी येते, हा त्यातला विनोद.

लंडनमध्ये 1940 च्या बॉम्बहल्ल्यात पहिल्या महायुद्धातली सैनिकांची जवळपास 60 टक्के सेवापत्रकं जळाली, हे अनेकांना ठाऊक असतं आणि 'आमचंही त्यातच गेलं असेल' असं म्हणून ते थांबतात. पण ती ब्रिटिश सैनिकांची. हिंदी शिपायांचे कागद हिंदुस्थानातच, रेजिमेंटकडे असत.

म्हणून सुरुवात पलटणीपासून करायची. घरात पदक असेल तर त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. भिंग लावून वाचायचं. (चांदीची पदकं अडीनडीला सोनाराकडे गेली, तो भाग वेगळा.) पलटणीचा नंबरही जपून वाचावा लागतो. 1922 च्या फेररचनेत या मराठा पलटणी एका रेजिमेंटच्या बटालियन झाल्या: 103 ची पहिली बटालियन झाली, 105 ची दुसरी, 110 ची तिसरी. 117 ला 1921 मध्ये 'रॉयल' किताब मिळाला आणि ती पाचवी झाली. जुने लोक नंबर सांगतच नाहीत. 'जंगी पलटण' म्हणाले तर 103, 'काळी पाचवी' म्हणाले तर 105. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून बेळगावला आहे, तिथे विचारताना जुना आणि नवा असे दोन्ही नंबर द्यायचे.

मग तारीख: कोणत्या महिन्यात पलटण कुठे होती, ते रोजनिशीवरून जुळवायचं. गाव आणि नाव त्यानंतर. त्यातही जिल्हे त्या काळचे धरायचे. सिंधुदुर्ग 1981 साली झाला, त्यामुळे मालवणचा माणूस रत्नागिरीत शोधायचा, सावंतवाडीचा संस्थानात, अलिबागचा कुलाब्यात. आणि नोंदीत नुसतं 'खेड' दिसलं की लगेच हुरळून जायचं नाही. एक खेड रत्नागिरीत आहे, एक पुण्यात.