गाडीतली फिल्म कोपऱ्यातूनच का उचलते?

गाडी पाच-सहा वर्षांची झाली, की इंजिनाच्या आधी म्हातारी दिसू लागते ती गिअरभोवतीची चकचकीत काळी पट्टी. किल्ल्यांचे आणि अंगठीचे ओरखडे तिच्यावर लपत नाहीत, आणि तो भाग नवा घेण्यापेक्षा त्यावर लाकडी रेषांची किंवा कार्बन फायबरसारखी दिसणारी विनाइल फिल्म घरीच चिकटवणे पुष्कळ स्वस्त पडते. मी माझ्या गाडीत हा उद्योग एका रविवारी केला आणि एप्रिलच्या उन्हात महिनाभरात फिल्मचा एक कोपरा उचलला. मी अर्थातच गोंदाला दोष दिला, पण गोंदाची काही चूक नव्हती.

या फिल्मच्या पाठीवरचा अ‍ॅक्रिलिक गोंद फेव्हिकॉलसारखा वाळून कडक होत नाही. तो कायम अतिशय दाट द्रवासारखा राहतो आणि दाब दिला की प्लॅस्टिकवरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचांमध्ये हळूहळू पसरतो. रेणूरेणूंमधले आकर्षण नॅनोमीटरच्या आसपासच्या अंतरावरच जाणवत असल्यामुळे, जिथे गोंद पृष्ठभागाला खरोखर भिडला तिथेच पकड बसते. हे भिडणे पूर्ण व्हायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून लावल्या लावल्या फिल्म सहज सुटते आणि तीच दोन दिवसांनी हट्टाला पेटते.

गोंद पसरेल की नाही, हे खालच्या पृष्ठभागाच्या ऊर्जेवर, म्हणजे तो पृष्ठभाग द्रवाला किती जोराने स्वतःकडे ओढतो यावर ठरते. चकचकीत पट्ट्या बहुधा एबीएस प्लॅस्टिकच्या असतात आणि त्यांच्यावर गोंद चांगला पसरतो. खरखरीत करड्या पॅनेलमधले पॉलिप्रॉपिलीन मात्र तेलकट तव्यासारखे वागते. त्याची पृष्ठऊर्जा मीटरला सुमारे 30 मिलिन्यूटन असते, तर पाण्याचा पृष्ठताण सुमारे 72. त्यामुळे त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब पसरत नाही, मण्यासारखा उभा राहतो. अशा भागावर प्रायमर, म्हणजे गोंदाला पकड मिळावी म्हणून आधी द्यायचा द्रवाचा पातळ थर, लावल्याशिवाय फिल्म टिकण्याची आशा धरू नये. माझी पट्टी एबीएसची होती, तरी थेंब उभाच राहिला, कारण वर्षानुवर्षे चोळलेल्या डॅशबोर्ड पॉलिशमधल्या सिलिकोनचा थर तिच्यावर बसला होता. साबणाच्या पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसल्यावर थेंब पसरला. हाच थेंब मी फिल्म लावण्याआधी टाकून पाहायला हवा होता.

दुसरे कारण फिल्मच्या ताणात होते. स्वस्त फिल्म तापलेल्या रोलरांमधून लाटून काढलेली असते आणि लाटताना बसलेला ताण तिच्यात गोठून राहतो. महाग, कास्ट प्रकारची फिल्म द्रवरूप विनाइल कागदावर पसरून भट्टीत सुकवलेली असते, त्यामुळे तिच्यात हा ताण फारसा नसतो. त्यातच मी वळणावर फिल्म ओढून बसवली होती. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड 70 अंशांच्या वर सहज जातो. त्या उष्णतेत विनाइल मूळ आकाराकडे आक्रसू पाहते, नेमका त्याच वेळी गोंदही मऊ पडतो, आणि सगळी ओढ कडेच्या एका रेषेवर येते. सपाट भागावर हीच ओढ मोठ्या क्षेत्रावर वाटली जाते, म्हणून मधली फिल्म जागची हलत नाही.

दुसऱ्या खेपेला मी पट्टी खटके सोडवून बाहेर काढली, हेअर ड्रायरने फिल्म ऊबदार करून न ओढता बसवली आणि कडा पाच-सहा मिलिमीटर मागच्या बाजूला दुमडून तिथे पुन्हा गरम करून दाबली. पट्टी गाडीत असतानाच कटर चालवला, तर फिल्मबरोबर प्लॅस्टिकवरही कायमची रेघ उमटते आणि फिल्मची कड नेमकी उघड्यावर राहते. बुडबुड्यांची मात्र फारशी चिंता करावी लागली नाही. हल्लीच्या बऱ्याच फिल्मच्या गोंदात बारीक नाल्या असतात, त्यांतून हवा कडेपर्यंत निघून जाते.

डॅशबोर्डचा एक भाग मी मुद्दाम तसाच सोडला. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग ज्या झाकणातून फुटून बाहेर येते, त्याची कमकुवत रेघ बऱ्याच गाड्यांत आतल्या बाजूने कोरलेली असते आणि वरून दिसत नाही. पिशवी सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास फुगायची असते, आणि त्या रेघेवर चिवट विनाइलचा जादा थर कोणी गृहीत धरलेला नसतो.